तुमचे प्रश्न : शाळेला ऑनलाइनची जोड द्यायची तर

या महिन्याच्या टपालात नाशिक जिल्ह्यातल्या शाळांची पत्रं जास्त होती. बहुतेकांचा सूर एकच : साहित्य आलं, ॲप आलं, पुढे काय? पत्रं थोडी छाटून घेतली आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेला एका माजी विद्यार्थ्याने चार लाख रुपये देऊ केले आहेत. विक्रेता म्हणतो, मोठा टच पॅनल घ्या, शाळा डिजिटल होऊन जाईल. संस्थाचालकांचंही मन तिकडेच आहे. पट ५२०, तुकड्या ११. नेमकं काय घ्यावं?
मुख्याध्यापक, निफाड तालुका

पॅनल वाईट नसतो, पण आधी हिशोब मांडा. आठवड्याच्या साधारण ४५ तासिका आणि ११ तुकड्या. एकही तासिका रिकामी न ठेवता पॅनल वापरला तरी एका तुकडीच्या वाट्याला चार येतात. त्या चार तासिकांतही पॅनलला हात लावणार सर किंवा फार तर एक-दोन मुलं. बाकीची बघत बसणार. म्हणजे फळा बदलला, शिकवणं तेच राहिलं.

खरेदीआधी घरांची पाहणी करा आणि ती छापील कागदावर करा. गूगल फॉर्मवर केलीत तर ज्यांच्याकडे फोन नाही तीच घरं पाहणीतून गळतात आणि ‘आमच्याकडे शंभर टक्के पालक ऑनलाइन आहेत’ असा निष्कर्ष हाती येतो. प्रश्न पाचच ठेवा : घरात स्मार्टफोन किती, तो दिवसभर कोणाबरोबर बाहेर जातो, संध्याकाळी ७ ते ९ मध्ये मुलाच्या हातात किती वेळ येतो, घरात रेंज कुठे येते, आणि रोजचा डेटा कोण संपवतं. फोन असणं आणि अभ्यासाला मिळणं यात मोठं अंतर आहे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची स्थिती मोजणाऱ्या ‘असर २०२४’ या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातली ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. त्यांपैकी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के होती, समाजमाध्यमं वापरलेली ७६ टक्के.

पडदा घ्यायचाच असेल तर शेवटच्या बाकापासून मोजमाप करा. पडद्यावरचा मजकूर वाचता यायला हवा असेल तर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब मूल बसू नये, हा ढोबळ नियम. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटीमीटर, म्हणजे सव्वातीन मीटरपर्यंत ठीक. ६५ इंचीची उंची ८१ सेंटीमीटर, म्हणजे पावणेपाच मीटरच्या आसपास. आपल्या वर्गखोल्या बहुधा सात मीटर लांब असतात. मागच्या दोन ओळींना ४३ इंची टीव्हीवर फक्त रंग दिसतात. प्रोजेक्टरचं चित्र मोठं पडतं, पण पूर्वेच्या खिडक्या झाकता येत नसतील तर सकाळच्या शाळेत ते फिकं दिसतं. पडदे शिवून घेण्याचा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो.

आमची शिफारस अशी : चाकांच्या स्टँडवर एक ६५ इंची टीव्ही, एक लॅपटॉप, बऱ्यापैकी स्पीकर आणि आठ-दहा टॅब. वर्गाचे तीन गट करा. ४८ मुलं असतील तर १६ जणांचा एक गट. एक गट टॅबवर, दोघांत एक. दुसरा वहीत सराव करतो. तिसरा शिक्षकांसमोर बसतो. २० मिनिटांनी गट फिरतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही, ओढाताण होते. त्यासाठी दोन तासिका जोडून घ्या : ७० मिनिटांतली ६० कामाची, १० जागा बदलण्यात जातात. ही १० मिनिटं वेळापत्रकात धरली नाहीत की शेवटच्या फेरीत शिक्षकांकडे येणाऱ्या गटाला शिक्षक मिळतच नाहीत, आणि त्या गटात नेमकी मागे पडलेली मुलं असतात. म्हणून त्यांचा गट शिक्षकांसमोर पहिल्या फेरीत बसवा.

वीज. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची एक बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वाया जातं, म्हणून हातात ७०० धरा. टीव्ही, लॅपटॉप आणि राउटर मिळून १८० वॉट खात असतील तर पावणेचार तास चालतं. पंखे त्याच लाइनवर टाकू नका.

चार लाखांतला एक लाख बाजूला ठेवा. दोन वर्षांत चार्जिंगच्या पिना तुटतात, केबली हरवतात, बॅटरीचं पाणी बघायला कोणी नसतं. देणगीदाराला हे पटवणं अवघड जातं, कारण केबलवर नावाची पाटी लावता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेने दर शनिवारी ‘ऑनलाइन शनिवार’ सुरू केलाय, सकाळी ८ ते ११ सलग. एवढा वेळ योग्य आहे का?
पालक, इंदिरानगर

नाही. केंद्राच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची, अशी मर्यादा सांगितली होती. नववी ते बारावीला चार सत्रं. शाळेला लेखी विनंती करा की शनिवारी एकच ३० मिनिटांचं सत्र ठेवा आणि बाकी वेळ वहीतलं, चित्रकलेचं किंवा घरकामातलं मोजमापाचं काम द्या. तिसरीच्या मुलीला स्क्रीनवर गप्प बसवणं हे शिक्षण नव्हे, हजेरी आहे.

प्रश्न : मी सहावी-सातवीला गणित शिकवते. दोन वर्षांपासून धड्यांचे व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकते, एकेक ३०-३५ मिनिटांचा. मुलं बघत नाहीत. बघितलं म्हणतात, पण वर्गात विचारलं की कोरी पाटी. काय चुकतंय?
गणित शिक्षिका, सिडको

तीन गोष्टी चुकताहेत : लांबी, आवाज आणि व्हिडिओनंतरची रिकामी जागा.

लांबी. एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा मिनिटांपलीकडे व्हिडिओ गेला की बघणाऱ्यांचं लक्ष उतरतं असं दिसलं, आणि ते बघणारे बहुतेक स्वखुशीने शिकणारे प्रौढ होते. सहावीच्या मुलाला पाच मिनिटं पुष्कळ झाली. ३५ मिनिटांचा धडा सात तुकड्यांत मोडा. एका तुकड्यात एकच उदाहरण, एकच पायरी. ‘नमस्कार मुलांनो, आज आपण पाहणार आहोत’ हे गाळलंत तरी अर्धं मिनिट वाचतं.

चेहरा दाखवायची गरज नाही. फोन उलटा, कॅमेरा खाली, वहीच्या एक फूट वर. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे सारखे ढीग लावून मध्ये पट्टी आडवी टाकली तरी स्टँड होतो. उजेड डावीकडून घ्या, नाहीतर उजव्या हाताची सावली नेमकी लिहिण्याच्या जागी पडते. जाड टोकाचं पेन वापरा, चौकटीची वही घ्या, एका पानावर पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नका. आवाजासाठी कॉलर माइक लावा आणि पंखा बंद करा. मुलं पुसट चित्र सहन करतात, घुमणारा आवाज सहन करत नाहीत. रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो. घरी गादी-पडदे असलेल्या खोलीत रेकॉर्ड केलेलं ऐकायला बरं लागतं.

फाइलचा आकारही बघा. फोनवर पूर्ण एचडीत घेतलेली सहा मिनिटं पाऊण जीबीच्या आसपास जातात. तोच व्हिडिओ हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ४८० पी आणि ४०० केबीपीएसवर काढला तर साधारण २० एमबी होतो, आणि वहीवरचे आकडे स्पष्ट राहतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. गॅलरीतून टाकला की व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबतं आणि घातांक दिसेनासे होतात.

आता खरी गोष्ट. व्हिडिओ संपल्यावर मुलाने काहीच करायचं नसेल तर ते व्हिडिओ का बघेल? प्रत्येक तुकड्याला गूगल फॉर्मवर तीन प्रश्न जोडा. पर्याय मात्र चुकांमधून तयार करा. उदाहरणार्थ, (−३) − (−५) किती? पर्याय ठेवा : २, −८, ८, −२. बरोबर उत्तर २. −८ म्हणणाऱ्याने दुसरं उणे चिन्ह पाहिलंच नाही, −३ मधून ५ वजा केले. ८ म्हणणाऱ्याने ‘दोन उणे मिळून अधिक’ हे घोकलंय आणि ते पहिल्या संख्येलाही लावलंय. −२ म्हणणाऱ्याची बेरीज बरोबर आहे, पण चिन्ह पहिल्या संख्येचं घेतलंय. सकाळी शाळेत जाण्याआधी फॉर्मचा तक्ता उघडलात की कोणत्या चुकीत किती मुलं आहेत ते दिसतं, आणि तासिकेची पहिली दहा मिनिटं त्याच चुकीवर जातात. १७ मुलांनी −८ निवडलं असेल तर संख्यारेषा पुन्हा काढा. सगळ्यांनी २ निवडलं असेल तर पुढे चला.

न बघता आलेल्या मुलांसाठी वर्गात व्हिडिओतलं पुन्हा शिकवू नका. एकदा शिकवलंत की दुसऱ्या आठवड्यापासून कोणीच बघून येत नाही. त्यांना मागच्या बाकावर शाळेच्या टॅबवर तोच तुकडा बघू द्या, पाच मिनिटं, हेडफोन लावून. ही शिक्षा नाही हे मात्र वागण्यातून दिसू द्या. अनेकदा त्या मुलाचा फोन रात्रपाळीला सातपूरला गेलेला असतो.

प्रश्न : आमच्या पाड्यावर रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही. शिवाय दिवाळीनंतर निम्मी मुलं आई-वडिलांबरोबर निफाड, दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातात. ऑनलाइनचे आदेश येतात, ते आम्ही कसे राबवायचे?
जिल्हा परिषद शिक्षक, सुरगाणा तालुका

तुमच्यासाठी ‘ऑनलाइन’ हा शब्द बाजूला ठेवू. तुम्हाला हवं आहे ते इंटरनेटशिवाय चालणारं डिजिटल साहित्य, आणि लांब गेलेल्या मुलाशी टिकणारा धागा. दोन्ही होण्यासारखं आहे.

शाळेसाठी सगळ्यात सोपा मार्ग : तालुक्याच्या गावी रेंजमध्ये असताना सरकारच्या दीक्षा ॲपमधून पाठ्यपुस्तकाच्या क्यूआर कोडचं साहित्य डाउनलोड करून आणा. ॲपमध्ये ते ऑफलाइन चालतं. त्यापुढची पायरी म्हणजे शाळेतलाच छोटा सर्व्हर. रास्पबेरी पाय ४ नावाचा हाताच्या पंजाएवढा संगणक, १२८ जीबीचं कार्ड आणि त्यावर कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर. हा डबा स्वतःचं वायफाय सोडतो. मुलं टॅब किंवा फोन त्याला जोडून व्हिडिओ बघतात, प्रश्न सोडवतात. कोणी किती सोडवले ते शिक्षकांना दिसतं. तुमचे स्वतःचे व्हिडिओही त्यात भरता येतात. आठ-दहा फोनपर्यंत ठीक चालतं, त्यापुढे वेगळा राउटर जोडा. डबा पाच-सहा वॉट घेतो, तेव्हा २०,००० एमएएचच्या चांगल्या पॉवर बँकेवर शाळेची वेळ निघते. पॉवर बँक ५ व्होल्टला ३ अँपिअर देणारी घ्या. कमी अँपिअरची असली की डबा मध्येच बंद पडून सुरू होतो.

बिघाड कुठे होतो? कार्डमध्ये. वीज अचानक गेली किंवा कोणी वायर ओढली की कार्डवरची माहिती खराब होऊ शकते आणि डबा सुरूच होत नाही. सगळं भरून झाल्यावर त्या कार्डाची हुबेहूब दुसरी प्रत काढून कपाटात ठेवा. दुरुस्ती म्हणजे कार्ड बदलणं, एवढंच राहील.

पहिली-दुसरीच्या मुलांची घरची बोली कोकणा असेल तर प्रमाण मराठीतले तयार व्हिडिओ त्यांना परके वाटतात. गावातल्या एखाद्या मोठ्या मुलीकडून गोष्ट त्या बोलीत सांगून घ्या, मागोमाग तीच गोष्ट मराठीत. दोन्ही ध्वनिफिती मिळून दहा मिनिटं.

आता स्थलांतर. इथे आवाज आणि कागद ही दोनच साधनं भरवशाची. दहा मिनिटांचं बोलणं ३२ केबीपीएस एमपी३ मध्ये अडीच एमबीच्या आत बसतं, आणि साध्या बटणाच्या फोनवरही मेमरी कार्डातून वाजतं. कार्ड ३२ जीबीच्या आतलं घ्या, बरेच साधे फोन त्यापुढचं वाचत नाहीत. मुलं निघण्याआधी प्रत्येकाला एक पिशवी : आठवड्याला एक पाठपोट कागद, वर मोठा आकडा, आणि कार्डावर त्याच आकड्याची ध्वनिफीत. फायलींची नावं ०१, ०२, ०३ अशी ठेवा. ‘१’ आणि ‘१०’ शेजारी आले की मूल दुसऱ्या आठवड्यात दहावा धडा ऐकत बसतं.

फोन नंबर तीन घ्या : वडिलांचा, मुकादमाचा, आणि गावात मागे राहिलेल्या आजी-आजोबांचा किंवा काकांचा. कामावर गेल्यावर सिम बदलतं किंवा रिचार्ज संपतं, मुकादमाचा नंबर सहसा बदलत नाही. आठवड्यातून एक ठरलेला फोन करा, आठवडे बाजाराच्या संध्याकाळी. सात-आठ मिनिटं. ‘अभ्यास झाला का’ हे विचारू नका, उत्तर ‘हो’ असतं. ‘चार नंबरचा कागद काढ, तिसरी ओळ वाच’ म्हणा. वाचनाचा अंदाज अर्ध्या मिनिटात येतो. तो वहीत तारखेनिशी लिहा. जिथे कुटुंब उतरलंय तिथल्या शाळेत मूल बसावं यासाठी शिक्षण हमी कार्ड मुलाबरोबर द्या, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. आमच्या मते तो फोन कार्डापेक्षा जास्त काम करतो. मूल तिथल्या वर्गात बसलं तर तुमची पिशवी पूरक ठरते. शेताच्या बांधावर बसलं तर ती पिशवीच शाळा असते, आणि ती शाळा तोकडीच असणार हे वरिष्ठांना अहवालात स्पष्ट लिहा.

प्रश्न : आमची उर्दू माध्यमाची शाळा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका गूगल फॉर्ममध्ये टाकल्या की अक्षरांची खिचडी होते. पालक पॉवरलूमवर पाळीने काम करतात, घरात एकच फोन. काय करता येईल?
शिक्षक, मालेगाव

खिचडी होते कारण जुनं टायपिंग इनपेज या उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झालंय आणि ते युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत, नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग चिकटवा. मराठी शाळांतही श्रीलिपीत टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकांचं हेच होतं. रूपांतरानंतर आकडे आणि कंस डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच उरतात. नस्तालीक, म्हणजे उर्दूचं नेहमीचं वळणदार अक्षर, प्रत्येक फोनवर दिसेलच असं नाही. सुंदर दिसायलाच हवं असेल तर प्रश्नाचं चित्र जोडा आणि पर्याय फक्त अ, ब, ज, द ठेवा. तयार साहित्यासाठी बालभारतीची उर्दू माध्यमाची पुस्तकं आणि त्यांवरचे क्यूआर कोड आधी पाहा. भाषांतर करत बसण्यातला बराच वेळ वाचेल.

फोनचं म्हणाल तर वेळेची अट काढा. सकाळी १० ला थेट तास ठेवलात तर दिवसपाळीवाल्याचं मूल कायम गैरहजर. शुक्रवारी काम पाठवा, पुढच्या गुरुवारपर्यंत कधीही सोडवू द्या. पाळी बदलली तरी एकदा तरी फोन हाताशी येतो. फोन आलाच नाही, तर तोच कागद शाळेत.

प्रश्न : ऑनलाइन चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी पडतात. कॉपी कशी थांबवायची?
शिक्षक, सिन्नर

कॅमेरा लावून थांबत नाही, तो नाद सोडा. प्रश्न असे द्या की उत्तर शेजाऱ्याकडून घेऊन उपयोग होणार नाही. ‘मुद्दल = तुमचा हजेरी क्रमांक × ५००, दर ८ टक्के, मुदत ३ वर्षं, सरळव्याज काढा.’ प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि तुमच्याकडे एक्सेलमध्ये एका सूत्रात सगळी उत्तरं तयार. भाषेत आणि इतिहासात पुस्तक उघडं ठेवून प्रश्न विचारा. आणि दर आठवड्याला कोणत्याही पाच मुलांना दोन-दोन मिनिटं तोंडी विचारा : ही पायरी का घेतलीस? आपला नंबर लागू शकतो एवढं कळलं तरी फरक पडतो. ऑनलाइन चाचणीचे गुण मात्र प्रगतिपुस्तकात धरू नका. ती कोण कुठे अडलंय ते बघण्यापुरती ठेवा. गुण काढले की कॉपीचं कारणच बरंचसं उरत नाही.

प्रश्न : २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. आमची शाळा पंचवटीत. रस्ते बंद राहणार, मुलं पोहोचणार नाहीत. त्या काळात ऑनलाइन वर्ग घ्यायचा विचार आहे. तयारी काय करावी?
मुख्याध्यापिका, पंचवटी

विचार योग्य, पण थेट वर्गांवर मदार ठेवू नका. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवसांत तुमच्या भागात लाखो फोन एकाच वेळी टॉवरला भिडलेले असतील. ज्या दिवशी ऑनलाइनची गरज जास्त, त्याच दिवशी मोबाइल डेटा सगळ्यात मंद. शिवाय काही शिक्षकांना सरकारी कामावर बोलावलं जाऊ शकतं. म्हणून योजना अशी हवी जी अर्ध्या शिक्षकांवर आणि जवळजवळ शून्य इंटरनेटवर चालेल.

त्यासाठी आदर्श शोधायला लांब जायला नको. गंगापूर धरणाकडे गोवर्धनजवळ असलेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देतंय, आणि त्याचा कणा आहे छापील स्वयं-अध्ययन पुस्तक : थोडा मजकूर, लगेच स्वतः सोडवायचे प्रश्न, शेवटी उत्तरं. तुम्हीही प्रत्येक इयत्तेसाठी तशी पुस्तिका करा. पर्वणीच्या एका टप्प्याला पाच दिवसांचं काम पुरे. विषय तीनच : भाषा, गणित, विज्ञान. सगळे विषय घातलेत की पुस्तिका ८० पानांची होते आणि कोणी उघडत नाही. नवा धडा त्यात देऊ नका. शिकवून झालेल्याचा सराव द्या.

व्हिडिओ पुस्तिकेबरोबरच आधीच्या आठवड्यात मुलांच्या फोनमध्ये उतरवून घ्या, शाळेत, शाळेच्या वायफायवर. पेन ड्राइव्ह आणि तो फोनला जोडणारी ओटीजी पिन असेल तर वायफायही लागत नाही. संध्याकाळी शंकांसाठी अर्धा तास ठेवा, तोही साध्या फोन कॉलवर किंवा व्हॉइस मेसेजवर.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की एका शनिवारी रंगीत तालीम करा : कोणीही शाळेत यायचं नाही, पुस्तिका घरी. सोमवारी किती जणांची पानं भरलेली आहेत ते मोजा. निम्म्यांची कोरी असतील तर सूचना समजल्या नाहीत, असं धरून चला. सूचना आईने वाचल्या तरी कळतील इतक्या सोप्या लिहा.

एक मोह टाळा. पोहोचलेली २० मुलं वर्गात आणि न आलेली ३० लॅपटॉपसमोर, दोघांना एकदम शिकवणं. वर्गातल्या मुलाचा प्रश्न घरच्याला ऐकू येत नाही, घरच्याला उत्तर देताना वर्ग सुटतो. मोठ्या संस्था यासाठी छताला माइक लावतात आणि दुसरा माणूस बसवतात. एकट्या बाईंनी ते करायला जाऊ नये.

प्रश्न : शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे माझा नंबर सगळ्यांकडे गेला, अनोळखी मेसेज येतात. मुलांच्या चाचणीचे गुणही लिंक उघडली की सगळ्यांना दिसतात. शाळेने काय करायला हवं?
पालक, नाशिक रोड

ग्रुपऐवजी व्हॉट्सॲप कम्युनिटीचा सूचना-विभाग वापरायला सांगा. त्यात पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चाचणीच्या गूगल फॉर्मच्या सेटिंगमध्ये निकालाचा सारांश सगळ्यांना दाखवण्याचा पर्याय असतो, तो बंद हवा. आणखी एक नेहमीची गफलत म्हणजे भरण्याच्या लिंकऐवजी संपादनाची लिंक ग्रुपवर पडते आणि कोणीतरी गंमत म्हणून उत्तरं बदलतं. पाठवण्याआधी लिंक दुसऱ्याच फोनवर उघडून बघणं हा साधा उपाय.

१३ वर्षांखालच्या मुलाचं गूगल खातं खोटं वय टाकून काढू नका. शाळेने गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची मोफत वर्कस्पेस सुविधा घेऊन खाती द्यावीत, म्हणजे पासवर्ड विसरला तरी शाळेला बदलून देता येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या खात्रीशीर संमतीवर भर आहे. प्रवेशाच्या वेळी छापील संमतीपत्र घेणं शाळेच्याच हिताचं. मुलाला कोणी ऑनलाइन त्रास देत असेल तर १०९८ वर, आर्थिक फसवणूक झाली तर १९३० वर ताबडतोब फोन करा. स्क्रीनशॉट काढून ठेवा, मेसेज पुसू नका.

प्रश्न : संस्थेच्या सर्व शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घेतली, तज्ज्ञ आले, प्रमाणपत्रं वाटली. सहा महिन्यांत वर्गात काहीच बदललं नाही. दुसरी कार्यशाळा घ्यावी का?
सचिव, शिक्षणसंस्था, देवळा

घेऊ नका. शिक्षकांना ॲप येत नाही असा सगळ्यांचा समज असतो. आमच्या मते अडतं ते वेळेपाशी. एका विषय-शिक्षकाकडे पाच तुकड्या, प्रत्येकीत ४५ मुलं, म्हणजे २२५. ऑनलाइन दिलेल्या एका स्वाध्यायाला मुलामागे एक मिनिट धरलं तरी पावणेचार तास. तपासणीचा हा वेळ वेळापत्रकात नसेल तर शिक्षक काम देणंच बंद करतात, किंवा देतात आणि बघत नाहीत. न बघितलेलं काम मुलं दोनदा करतात, तिसऱ्यांदा करत नाहीत.

तेव्हा आधी वेळ काढा. प्रत्येक शिक्षकाची आठवड्याची एक तासिका या कामासाठी मोकळी करा, तीही त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाबरोबर एकाच वेळी. त्या तासिकेत दोघांनी मिळून पुढच्या आठवड्याचा एकच तुकडा तयार करायचा : एक व्हिडिओ, तीन प्रश्न. तपासायला यंत्र लावता येईल ते यंत्राकडे द्या, आणि वहीतलं काम आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या आठच मुलांचं नीट बघा. सहा आठवड्यांत सगळा वर्ग बघून होतो. पहिल्या सत्रात एकच विषय, एकच इयत्ता. सातवीचं गणित चाललं तर पुढच्या सत्रात विज्ञान घ्या.

कोण ‘तंत्रस्नेही’ आहे त्याच्याच गळ्यात सगळं घालू नका. त्याची बदली झाली की पासवर्डांसकट प्रकल्प जातो. खाती शाळेच्या नावाने काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि एक वही मुख्याध्यापकांच्या कपाटात.

प्रश्न : प्रोजेक्टर वीस मिनिटांत आपोआप बंद पडतो. दिवा गेला का?
शिक्षक, येवला

बहुधा नाही. बाजूची जाळी काढून फिल्टर बघा, खडूच्या धुळीने बुजला असेल. हवा अडली की यंत्र तापतं आणि स्वतःला बंद करतं. मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका, आणि दर पंधरा दिवसांनी हे करा. बंद करताना रिमोटने बंद करून आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका. फिल्टर स्वच्छ असूनही बंद पडत असेल तर आतला पंखा फिरतोय का ते कान लावून ऐका, आणि तो फिरत नसेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय चालू करू नका.